इतक्या गुणांवर इतिहास?

आज सायंकाळी ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एका सद्गृहस्थांनी माझ्या लेकीला तिचे दहावीचे गुण विचारले. ९४ टक्के हे ऐकून त्यांनी तोंडभर कौतुक केले आणि अकरावीला कला शाखा घेऊन इतिहास शिकण्याचा तिचा विचार आहे, हे कळताच माझ्याकडे वळून आवाज खाली आणत विचारले, "वहिनी, घरात काही अडचण आहे का?" लेक हसली. मला हसू आले नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

निर्णय अजून झालेला नाही, हे आधी सांगते. ऑनलाइन प्रवेशअर्जाचा पहिला भाग भरून झाला आहे, महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यायचा दुसरा भाग बाकी आहे, आणि निकालापासून आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय निघालेला नाही. त्यात क्लासवाल्यांच्या फोनची भर आहे. आमचा क्रमांक त्यांना कोणी दिला हे देव जाणे, परंतु रोज कोणीतरी मुलगी किंवा मुलगा अत्यंत गोड आवाजात मला सांगतो की मॅडम, एवढ्या गुणांवर फीमध्ये सवलत मिळेल, नाव एका महाविद्यालयात राहील, हजेरीची काळजी करू नका, शिकवणी आमच्याकडेच होईल. म्हणजे महाविद्यालयात न जाता महाविद्यालयीन शिक्षण घेणे ही आता उघडपणे विकण्याची गोष्ट झाली आहे आणि त्यात कोणालाच अडचण दिसत नाही. अडचण दिसते ती माझ्या मुलीला रोज वर्गात बसून इतिहास शिकायचा आहे यात!

माझ्या नवऱ्याचे म्हणणे थोडे वेगळे आणि अधिक समजूतदार आहे. तो म्हणतो, विज्ञान शाखा घेऊ दे, इतिहास काय, घरी बसूनही वाचता येतो. वरवर हे पटण्यासारखे आहे. परंतु त्याच्याच घरात जे घडले, ते तो इतक्या लवकर कसा विसरला, याचे मला नवल वाटते.

माझ्या सासरी, दापोलीकडच्या घरात, देवघराशेजारच्या फडताळात लाल फडक्यात गुंडाळलेला एक मोडी कागद होता. पेशव्यांनी आमच्या पूर्वजाला नारळी-पोफळीची वाडी इनाम दिली, त्याची ही सनद, असे सासरे सांगत आणि त्यांचे वडीलही तसेच सांगत असत. दसऱ्याला त्या कागदावर हळदकुंकू वाहिले जाई. सासऱ्यांच्या पश्चात तो कागद ठाण्याला आमच्याकडे आला आणि गेल्या दिवाळीच्या सुटीत लेकीने हट्ट धरला म्हणून आम्ही तो नौपाड्यातल्या एका वयोवृद्ध मोडी जाणकारांकडे नेला. त्यांनी भिंग काढले, कागद खिडकीजवळ धरला आणि वाचायला सुरुवात करण्यापूर्वीच विचारले, "पेशव्यांच्या सनदेवर ही राणी काय करते आहे?" कागदाच्या माथ्यावर व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याचा छाप होता. तिच्या गालावर हळदीचा पिवळा डाग पडलेला होता. चार पिढ्यांनी तिची पूजा केली होती आणि एकालाही हा प्रश्न पडला नव्हता.

तो कागद सनद नव्हता, साधे खरेदीखत होते. शके १८०३ मध्ये आमच्या पूर्वजाने ती वाडी गावातल्याच एका माणसाकडून तीनशे पंचवीस रुपयांना विकत घेतली होती. लेकीने तिथेच ७८ मिळवून १८८१ साल काढले आणि म्हणाली, "पेशवाई तर १८१८ लाच संपली." तेव्हा घरी बसून इतिहास वाचता येतो म्हणणाऱ्या माझ्या नवऱ्याला मला इतकेच विचारायचे आहे की तो कागद घरी बसूनच होता ना?

ज्या मुलीने मार्चमध्ये दहावीचा ४० गुणांचा इतिहास व राज्यशास्त्राचा पेपर दिला, तिच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेवर आहे. त्यात जर्मन इतिहासकार रांके आहे, मूळ दस्तऐवज तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये असे सांगणारा, आणि फ्रेंच विचारवंत फुकोसुद्धा आहे. असा पाठ दहावीला नेमणाऱ्यांना मी मनापासून दाद देते. पण त्याची परीक्षा कशी होते, तर चुकीची जोडी ओळखा आणि संकल्पनाचित्र पूर्ण करा! माझ्या लेकीला रांके कळला तो नौपाड्यातल्या त्या खिडकीपाशी. तिने त्या मोडी जाणकार आजोबांना विचारले की याहून जुना एखादा कागद असू शकेल का, ज्याच्याकडून वाडी घेतली त्याच्याकडे ती कशी आली असेल, आणि हे कुठे शोधायचे. त्यांनी तिला पुण्याच्या अभिलेखागाराविषयी आणि तिथल्या पेशवे दप्तराच्या रुमालांविषयी, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांविषयी सांगितले. परतीच्या वाटेवर रिक्षात ती गप्प होती, आणि तिचे गप्प बसणे आमच्या घरी दुर्मीळ आहे.

आता लिफ्टमधल्या सद्गृहस्थांकडे वळते. हे गृहस्थ रोज सकाळी तुरुंगाच्या भिंतीकडेने फिरायला जातात. तुरुंग ज्यात आहे त्या ठाण्याच्या किल्ल्याची ती भिंत आहे. १७३० च्या सुमारास पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्याच्या कैदेतून निसटले, आणि १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल इथेच फाशी देण्यात आली. इथे खोदकाम करताना १७८७ मध्ये सापडलेले कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या अरिकेसरी राजाचे ताम्रपट १०१७ सालचे आहेत. म्हणजे एका भिंतीचा इतिहास समजून घ्यायचा तर संस्कृत, पोर्तुगीज, मोडी आणि इंग्रजी अशा चारही कागदांपुढे बसू शकतील अशी माणसे हवीत. ती कुठून येणार? गोव्याच्या अभिलेखागारातली पोर्तुगीज कागदपत्रे पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घालून वाचली, फारसी साधने सेतुमाधवराव पगडींनी सरकारी नोकरी सांभाळून वाचली. त्यांच्या जागी बसायला आपण हुशार मुले पाठवणारच नसू, तर मग रात्री अकरा वाजता इमारतीच्या ग्रुपवर "इतिहासकारांनी दडवलेले सत्य" पाठवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? याच सद्गृहस्थांनी परवा एका राजाच्या तलवारीचे वजन किती होते याविषयी असा काही मजकूर पाठवला होता की त्यावर दोन कुटुंबांचे बोलणे बंद झाले आहे. इतिहासावरून भांडायला सगळे तयार, पण शेजारच्या मुलीने तो शिकते म्हटले की "घरात काही अडचण आहे का?"

नोकऱ्या कमी आहेत, हे मला मान्य आहे. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात आणि भरल्या जातात त्या तासिका तत्त्वावर, हेही ठाऊक आहे. "मग यूपीएससी कर" असे सांगून समजूत घालणाऱ्यांचा मला विज्ञानवाल्यांपेक्षा अधिक राग येतो, कारण त्यांच्या लेखी इतिहास ही केवळ कलेक्टरच्या खुर्चीकडे जाणारी पायरी आहे. तिला पुढे कायदा शिकावासा वाटेल किंवा डेक्कन कॉलेजात जाऊन पुरातत्त्व शिकावेसे वाटेल, आज पंधराव्या वर्षी ते ठरवण्याची सक्ती कशाला?

इथवर लिहून पुन्हा वाचले, तेव्हा वाटले की त्या गृहस्थांवर मी जरा जास्तच तापले. त्यांच्या पिढीने गाडीच्या दारात लोंबकळत नोकऱ्या केल्या, अभियांत्रिकीच्या पदविकेवर ठाण्यात घर घेतले आणि धाकट्या भावंडांची लग्ने लावली. गुण म्हणजे त्यांच्यासाठी सुटकेचे तिकीट होते आणि ते हातात असताना कोणी गाडीत बसत नाही, हे त्यांना खरोखरच अडचणीचे लक्षण वाटत असणार. त्यांच्या प्रश्नात कुत्सितपणा नव्हता, काळजी होती, हे रागाच्या भरात मला लिफ्टमध्ये कळले नाही.

आमचे भाऊकाका, म्हणजे माझे चुलत सासरे, यांची गोष्टही अशीच आहे. खरेदीखताचे ऐकून ते आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत. मोडी वाचणाऱ्याची नजर गेली असेल, असे त्यांनी गावभर सांगितले. लेक मे महिन्यात त्यांच्याकडे राहायला गेली तेव्हा तिने वाद घातला नाही. तिने त्यांना पेशव्यांची गोष्ट पहिल्यांदा कोणी सांगितली, कोणत्या प्रसंगी, त्या वेळी वाडीवरून गावात काही तंटा चालू होता का, असे सगळे विचारून वहीत लिहून घेतले. तंटा होता म्हणे, कूळकायद्याच्या वेळी. भाऊकाका दोन संध्याकाळी बोलत होते. कागद खोटा की गोष्ट सांगणारे आजोबा खोटे, असा प्रश्नच तिने त्यांच्यापुढे ठेवला नाही. ती वही पाहिल्यापासून नवऱ्याचा विरोध बराच निवळला आहे, मात्र तो तसे तोंडाने म्हणणार नाही.

माझी स्वतःची शंका अगदी निराळी आहे, आणि ती मुलीविषयी नसून महाविद्यालयांविषयी आहे. तिने बालभारतीच्या संकेतस्थळावरून बारावीचे इतिहासाचे पुस्तक उतरवून घेतले आहे. युरोपातल्या प्रबोधनापासून शीतयुद्धापर्यंतचा आवाका पाहून ती हरखली आहे. परंतु ते पुस्तक वर्गात उघडले जाणार आहे, की पहिल्या दिवसापासून मार्गदर्शिकेतली उत्तरे उतरवून घ्यायची आहेत? कला शाखेला प्रवेश मिळाला तरी विषयांच्या गटात इतिहास मिळेलच, याची खात्री नाही. एका ठिकाणी चौकशीला गेलो असता खिडकीतल्या बाईंनी "मानसशास्त्र घ्या, हल्ली सगळ्या मुली तेच घेतात" असे सांगून आमची बोळवण केली. इतिहास शिकवायला कोण आहे, या प्रश्नावर त्यांनी मागे वळून कोणाला तरी हाक मारली आणि ते जेवायला गेले आहेत असे कळले.

तेव्हा ठाणे, मुलुंड, दादर किंवा थेट चर्चगेटपर्यंतच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावी-बारावीचा इतिहास खरोखर शिकवला जातो, जिथले शिक्षक मुलांना वर्गाबाहेर एखाद्या संग्रहालयात वा लेण्यात घेऊन जातात, त्यांची नावे आपापल्या किंवा मुलांच्या अनुभवावरून मला मेसेंजरवर कळवा. पसंतीक्रमात दहा जागा आहेत आणि आमच्या आतापर्यंत तीनच भरल्या आहेत. विज्ञान शाखेचे फायदे सांगणाऱ्यांनी कृपया तसदी घेऊ नये, त्यासाठी क्लासवाले रोज दुपारी फोन करतात.