आत्याचं पेजफाइल कुणी बंद केलं?

शनिवारी रात्री आत्याचा बोरिवलीहून फोन. "अरे, तू बसवलेली ती एसएसडी बिघडली. टॅली उघडलं की क्रोम बंद पडतं." गेल्या दिवाळीत तिच्या जुन्या, ४ जीबी रॅमच्या पीसीत मीच २४० जीबीची साधी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह, लावून दिली होती. रविवारी गेलो, तर स्क्रीनवर मेमरी कमी पडल्याची पाटी. एसएसडी ठणठणीत होती. बिघडवलं होतं सोसायटीच्या ग्रुपवरच्या फॉरवर्डने, आणि त्यातल्या सूचना आत्याने चष्मा लावून एकेक करून पाळल्या होत्या.

फॉरवर्ड थोडक्यात असा: पेजफाइल ताबडतोब बंद करा, नाहीतर एसएसडी वर्षभरात मरते. दर रविवारी डीफ्रॅग करा. पीसी आठवडाभर बंद राहिला तर डेटा उडतो. आणि स्वस्त एसएसडीवर विंडोज टाकूच नका.

पहिल्या दोन सूचना लागोपाठ वाचा. एकीकडे म्हणे पेजफाइल बंद करून एसएसडीवरचं लिखाण, म्हणजे तिची झीज, वाचवा, आणि लगेच डीफ्रॅग, म्हणजे सगळ्या फाइली उचलून पुन्हा लिहा! निदान स्वतःशी तरी जुळणारं लिहायचं.

आता पेजफाइल. रॅम भरली की विंडोज त्यातला सध्या न लागणारा भाग डिस्कवरच्या या फाइलीत सरकवतं. ती बंद केली की सरकवायला जागाच नाही, मग प्रोग्रॅम बंद पडतात. ४ जीबीवर टॅली आणि क्रोमच्या सात-आठ टॅब म्हणजे झालंच. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ७ बनवणाऱ्या टीमने २००९ मध्येच हा प्रश्न घेऊन उत्तर दिलंय: पेजफाइल एसएसडीवरच ठेवा. त्यांनी गोळा केलेल्या माहितीत पेजफाइलमधून वाचणं हे लिहिण्याच्या साधारण ४० पट निघालं, आणि वाचणंही बहुतेक बारीक तुकड्यांचं. एसएसडीला नेमकं हेच जमतं. एसएसडी झिजते लिहिण्याने, वाचण्याने नाही.

तरी झिजण्याची धास्ती असेल तर हिशेब करा. किंग्स्टनच्या ए४०० या बजेट ड्राइव्हच्या २४० जीबी मॉडेलला कंपनी ८० टीबी (म्हणजे ८०,००० जीबी) लिखाणाची हमी देते. रोज २० जीबी लिहिलं तरी ४००० दिवस, म्हणजे जवळपास ११ वर्षं. आत्या रोज २० जीबी काय लिहिणार? बिलं?

डीफ्रॅगचं सोडा. विंडोज ८ पासूनचं 'ऑप्टिमाइझ' एसएसडी ओळखून तिला ट्रिम पाठवतं, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा आता मोकळी आहे, एवढं कळवतं. त्याच्या वेळापत्रकाला हात लावू नका.

आठवडाभरात डेटा उडण्याची गोष्ट २०१५ मधली. झिजून संपलेली ड्राइव्ह ५५ अंशांत ठेवली तर काय, असा टोकाचा आकडा बातम्यांनी उचलला. चिप्सची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती ड्राइव्हने लिखाणाची हमी संपल्यावरसुद्धा, वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष डेटा टिकवायला हवा. गणपतीत गावाला बिनधास्त जा.

चौथ्या मुद्द्यात मात्र, नाइलाजाने कबूल करतो, थोडं तथ्य आहे. डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची छोटी वेगवान मेमरी) नसलेली स्वस्त ड्राइव्ह काठोकाठ भरली किंवा एका दमात पन्नास-साठ जीबी कॉपी केले की रडते. म्हणून थोडी जागा मोकळी ठेवा. पण विंडोज चालू करायला जुन्या हार्ड डिस्कपेक्षा तीही कितीतरी चपळ. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेताना पक्कं बिल आणि वॉरंटी तेवढी बघा. फुटपाथवर मातीमोल भावाने '२ टीबी' मिळत असेल तर ती नकली समजा आणि सरळ जवळचं ग्रँट रोड स्टेशन गाठा. आणि विंडोज नव्याने टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर बूटची फाइल कधीकधी तिच्यावरच जाऊन बसते. पुढे ती डिस्क काढलीत की पीसी उठतच नाही.

आत्याच्या पीसीत व्हर्च्युअल मेमरी पुन्हा ऑटोमॅटिक केली, रीस्टार्ट केला. टॅली उघडलं, क्रोमही टिकलं. "मग हे तूच ग्रुपवर लिही," आत्या म्हणाली, "मी टाकलं तर सेक्रेटरींना राग येईल. त्यांनीच पाठवलं होतं."