इंडियानाचं यश फक्त सोप्या वेळापत्रकाचं नाही

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या इंडियाना विद्यापीठाच्या संघाचा २०२४ चा ११-२ (११ विजय, २ पराभव) हा हंगाम केवळ सोप्या वेळापत्रकामुळे, म्हणजे कमकुवत प्रतिस्पर्ध्यांमुळे घडला, असं एका लेखात म्हटलं आहे; ते अर्धंच खरं आहे. आदल्या वर्षी हाच संघ ३-९ होता. नवे मुख्य प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आले ते एकटे नाही. आक्रमणाचे आणि बचावाचे दोन्ही समन्वयक (त्या-त्या विभागाचे प्रशिक्षक) आणि डझनभर खेळाडूही सोबत आले. त्यामुळे नवी पद्धत शिकवण्यात महिने गेले नाहीत, हा मोठा फायदा. क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) कर्टिस रूर्क ओहायो विद्यापीठातून घेतला, तोही अनुभवी.

खरी उणीव ओहायो स्टेटविरुद्ध (१५-३८) उघडी पडली. ओहायो स्टेटच्या घरच्या मैदानावर, कोलंबसच्या गोंगाटात, खेळ सुरू करण्याचा क्वार्टरबॅकचा तोंडी इशारा ऐकूच येत नाही. मग गार्ड (सेंटरच्या शेजारचा खेळाडू) मागे वळून क्वार्टरबॅकचा इशारा बघतो, सेंटरला थोपटतो आणि ठरलेल्या क्षणानंतर स्नॅप होतो, म्हणजे सेंटर चेंडू मागे देतो. हा ताल सतत एकसारखा राहिला की समोरचे बचावपटू तो हेरून आधीच झेपावतात, आणि क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनमनचं पहिलं पाऊल उशिरा पडतं. रूर्क पाचदा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला. त्यात एकदा पंटरच्या (चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला देणाऱ्या खेळाडूच्या) हातून स्नॅप निसटला, आणि दुसऱ्या एका पंटवर ओहायो स्टेटच्या केलेब डाउन्सने चेंडू ७९ यार्ड परत पळवत नेऊन टचडाउन केला. पंट कव्हरेजची (पंटनंतर चेंडू परत आणणाऱ्याला अडवण्याची) ती ढिलाई मला सॅकपेक्षाही जास्त खटकते, कारण तिथे गोंगाटाची सबब चालत नाही.