गाडी ‘एअर घेते’ तेव्हा स्क्रू पिळू नका

इंजिनाची ओढ (व्हॅक्यूम) गाडीच्या वेगवेगळ्या भागांपर्यंत नेणाऱ्या रबरी पाइपांबद्दल जुन्या गाड्यांची हौस असलेल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्याचं सार असं: ‘व्हॅक्यूमच्या पाइपात नुसती हवा असते, प्रेशर नसतं, त्यामुळे ते खराब होत नाहीत. वरून धड दिसला की पाइप चांगला. गाडी स्लोला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) थरथरली तर स्लोचा स्क्रू अर्धा आटा पिळा. फुटलाच तर टेप गुंडाळा, नाहीतर माशांच्या टाकीचा पाइप लावा. बदलायला सांगणारे गॅरेजवाले पैसे काढतात.’ शेवटच्या वाक्यात थोडं तथ्य आहे, त्याकडे येतो. बाकीचं चुकीचं आहे, हे माझ्या कार्बोरेटरवाल्या (हवेत पेट्रोल मिसळून देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेल्या) मारुती 800 ने मला महागात शिकवलंय.

‘प्रेशर नसतं’ हे अर्धसत्य. इंजिन स्लोला असताना मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, साधारण 17 ते 21 इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम असतो. हा आकडा समुद्रसपाटीचा. पुण्याच्या उंचीवर दोनेक इंच कमी धरा. म्हणजे पाइपाला आतून फुगवणारं काही नसलं, तरी बाहेरची हवा त्याला चोवीस तास नव्हे, पण इंजिन चालू असेपर्यंत दाबतच असते. आणि पाइप मरतो तो दाबाने नाहीच. बोनेटखालची धग, तेलाची नि पेट्रोलची वाफ आणि वर्षं, या तिघांनी रबर आधी कडक होतं, मग तडकतं.

ते तडकतं कुठे, हे कळलं की ‘वरून धड दिसतो’ हा मुद्दा निकालात निघतो. पाइपाचं टोक निपलवर, म्हणजे जोडणीच्या छोट्या नळीवर, ताणून बसवलेलं असतं, पहिली भेग तिथेच पडते, तीही बहुधा खालच्या बाजूला. माझ्या गाडीत कार्बोरेटरकडून डेल्कोकडे (प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर) जाणारा पाइप वरून काळा कुळकुळीत होता. बोटाने वाकवला तेव्हा टोकाशी बारीक चीर उघडली. म्हणून इंजिन थंड असताना प्रत्येक पाइप हाताने वाकवून, टोकं चिमटून बघायची. लवचीक राहिला नसेल, किंवा तेलाने फुगून मऊ लिबलिबीत झाला असेल, तर तो गेला.

गंमत म्हणजे त्या चिरीने माझी स्लो बिघडलीच नव्हती. डेल्कोचा पाइप जिथून निघतो, तिथे स्लोला व्हॅक्यूम जवळजवळ नसतो. थोडी रेस दिली की तो येतो आणि ठिणगीचं टायमिंग पुढे सरकवतो. पाइप गळला की पिकअप आणि अ‍ॅव्हरेज गुपचूप कमी होतं. मी सहा महिने प्लग आणि एअर फिल्टरवर खर्च केला. तपासणी फुकट होती: कार्बोरेटरकडचं टोक काढून तोंडाने हवा ओढायची आणि जिभेने भोक बंद करायचं. डेल्कोचं झाकण काढलेलं असेल तर आतली प्लेट सरकून तशीच थांबलेली दिसते. जिभेवरची ओढ सुटली तर पाइप नाहीतर डेल्कोचा डायफ्रॅम (ती प्लेट ओढणारा रबरी पडदा) फाटलेला.

आता स्क्रू. गाडी कुठूनतरी एअर घेत असेल, तर कार्बोरेटरने मोजून न दिलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि इंजिन मिसिंग करतं, म्हणजे मधेच ठोका चुकवतं. स्क्रू पिळला की थ्रॉटल थोडा जास्त उघडतो, थरथर लपते. गळती तशीच राहते. मॅप सेन्सरवाल्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) एमपीएफआय गाडीत, जिथे पेट्रोल संगणक सोडतो, तर उलटंच दिसतं: हवा वाढली की संगणक पेट्रोलही वाढवतो, आणि स्लो वर चढते. तिथे कोणता स्क्रू पिळणार?

गळती शोधायला काहीजण पेट्रोल शिंपडायला सांगतात. गरम एक्झॉस्टजवळ हा खेळ करू नका. फवारणीच्या बाटलीतलं साधं पाणी पुरतं, फक्त डेल्को आणि प्लगच्या वायरी वाचवा. पाणी पडताच सूं आवाज क्षणभर थांबला किंवा इंजिनाचा सूर बदलला, की जागा सापडली.

टेप एका उन्हाळ्यात चिकट होऊन सुटतो. माशांच्या टाकीचा पाइप उष्णतेने मऊ होतो आणि व्हॅक्यूमने आत चपटा होतो. सिलिकॉनचा चांगला पाइप उष्णता सोसतो, पण तेल-पेट्रोलच्या वाफेने फुगतो. क्रँककेसच्या (इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या भागाच्या) वाफेच्या पाइपाला तो नको. नवा पाइप घेताना आतला व्यास जुन्याशी जुळवा, अंदाजाने नको. आणि व्हॅक्यूमचा पाइप पेट्रोलच्या लाइनला कधीच नाही.

ब्रेक बूस्टरच्या (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणाऱ्या डब्याच्या) जाड पाइपाबाबत मात्र मी वाद घालत नाही, शंका आली की बदलतो. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग पाय दाबून ठेवून गाडी चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. त्या पाइपातला व्हॉल्व्ह एकाच दिशेने चालतो; उलटा बसला तर ब्रेक दगडासारखा लागतो.

गॅरेजवाल्यांबद्दल: एक पाइप चिरला म्हणून दोन हजारांचा अख्खा ‘सेट’ गळ्यात मारणारा मलाही भेटलाय. पण पंचवीस वर्षांच्या गाडीत एक गेला तर त्याच वयाचे बाकीचेही रांगेत असतात, आणि हे पाइप मीटरवर स्वस्तात मिळतात. स्वतः बसवा. आधी फोटो काढा, एका वेळी एकच काढा. सगळे एकदम काढले की कोणता कुठला हे संध्याकाळी आठवत नाही. टोकं ओढून फाडण्यापेक्षा ब्लेडने उभी चिरून काढा, जुन्या प्लॅस्टिकच्या निपल्स पटकन मोडतात.

सगळं झाल्यावर गाडी चालू केलीत आणि ती एकदम रेस घेऊन ओरडायला लागली, तर घाबरू नका. आधी कुणीतरी पिळून ठेवलेला स्लोचा तो स्क्रू आता उलटा फिरवायचाय.