चर्चच्या दारातली ओढणी

मागच्या रविवारी माझी भाची बऱ्याच दिवसांनी आमच्या चर्चमध्ये आली. पुण्याला नोकरी करते, सुट्टीत नगरला आली होती. जीन्स, गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, केस मोकळे. दारात एका बाईंनी तिला थांबवलं. तिथं टेबलावर ओढण्यांची चळत ठेवलेली असते. त्यातली एक तिच्या हातात देत त्या म्हणाल्या, "बाळा, डोक्यावर घे. देवाच्या घरात आलीस ना?" आवाज अगदी मायेचा होता. तिनं ओढणी डोक्यावर घेतली, शेवटच्या बाकावर बसली आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या, आधीच उठून गेली.

तिच्या मागोमाग तिचा सख्खा भाऊ आत आला होता. गुडघ्यावर फाटलेली जीन्स, टी-शर्टवर कवटीचं चित्र. त्याच बाईंनी "सलाम, राजा" म्हणून त्याच्याशी हात मिळवला.

आठवडाभर हे मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

मी स्वतः उपासनेत डोक्यावर पदर घेते आणि मला तो आवडतो. माझी आजी नऊवारी नेसायची. गावच्या चर्चमध्ये बायका एका अंगाला सतरंजीवर बसायच्या. पाळकसाहेब "आपण प्रार्थना करू या" म्हणाले की पंचवीस-तीस पदर एकदम डोक्यावर जायचे आणि त्यांची सळसळ व्हायची. प्रार्थना म्हटलं की मला आजही आधी ती सळसळ ऐकू येते. पण आजी सासऱ्यांपुढेही पदर घ्यायची, पाटलांपुढेही, एसटीत अनोळखी माणूस शेजारी बसला तरीही. मोठ्यांपुढे जसं उभं राहायचं तशीच ती देवापुढे उभी राहायची. शेजारची वारकरी म्हातारीही विठ्ठलापुढे तशीच उभी राहायची. त्या पदराला धर्म चिकटला तो नंतर.

आजोबांचं मात्र उलट. भजन-कीर्तनाला ते फेटा बांधून उभे राहायचे आणि उपासनेत तोच फेटा काढून मांडीवर ठेवायचे. आपल्याकडे पागोटं उतरणं म्हणजे अब्रू जाणं. पण बायबलमध्ये करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की पुरुषानं मस्तक झाकून प्रार्थना करू नये, म्हणून त्यांनी तो काढला. हे त्यांना किती जड गेलं असेल, याचा विचार आमच्या घरात कधी कुणी केला नाही. आणि त्याच गावात चपला सगळ्यांच्या दाराबाहेर. नव्या करारात मंडळीला तशी आज्ञा कुठेही नाही. पण आपल्या माणसाला वहाणा घालून देवापुढे जाणं शक्यच नव्हतं. शहरातल्या चर्चमध्ये आपण बूट घालून बसतो आणि कुणाला त्यात पाप दिसत नाही.

म्हणजे काही गोष्टी शास्त्रातून आल्या, काही गावातून, काही गोऱ्या मिशनऱ्यांच्या घरातून. आईच्या लग्नात पांढऱ्या साडीवरून आजी दोन दिवस रडली होती, कारण तिच्या लेखी पांढरं विधवेचं. पांढऱ्या पोशाखाची ही चाल पसरली ती 1840 साली व्हिक्टोरिया राणी पांढरा पोशाख घालून लग्नाला उभी राहिली त्यानंतर. बायबलमध्ये नवरीला असा नियम कुठेच नाही. आणि आज पांढरा गाऊन नसला तर "ख्रिस्ती लग्न वाटत नाही" म्हणतात.

गोव्यात याच्या नेमकं उलटं घडलं. 1736 साली तिथल्या इन्क्विझिशननं, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या चर्चच्या धर्मन्यायालयानं, फर्मान काढून ख्रिस्ती झालेल्या पुरुषांना धोतर आणि बायकांना चोळी घालायला बंदी केली. आपल्या आज्या ज्या कपड्यांत देवापुढे गुडघे टेकत होत्या, तेच तिथं अधर्माची खूण ठरले. वसईच्या ख्रिस्ती बायकांनी मात्र लुगडं सोडलं नाही. सणाला चर्चमध्ये जाणाऱ्या लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या पाहिल्या की मला फार आनंद होतो. कॅथलिकांच्या 1917च्या चर्च-कायद्यात स्त्रीनं चर्चमध्ये डोकं झाकावं असं कलमच होतं. 1983च्या नव्या कायद्यात ते कलम राहिलं नाही. चर्चनं नियम बदलला आणि कुणाचा विश्वास बुडाला नाही.

आमच्याकडे तर माझ्या डोळ्यांदेखत बदल झाला. मी कॉलेजात असताना पंजाबी ड्रेस घालून उपासनेला गेले म्हणून एका वडीलधाऱ्यांनी मला सगळ्यांसमोर घरी पाठवलं होतं. रस्ताभर रडत गेले होते. आज तोच पंजाबी ड्रेस सभ्यतेचं माप झालाय आणि त्या मापानं माझ्या भाचीला मोजलं गेलं. माप दर पिढीला बदलतं, पण मोजायचं नेहमी मुलींनाच.

पौलाचं ते वचन दाखवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, 5वं वचन नीट वाचा. "जी स्त्री प्रार्थना करते किंवा संदेश देते", अशी तिथं सुरुवात आहे. म्हणजे करिंथच्या मंडळीत बायका सगळ्यांसमोर उभ्या राहून बोलत होत्या आणि पौल ते गृहीत धरतो. आपण त्या वचनातलं कापड तेवढं उचललं आणि बाईचं बोलणं सोडून दिलं. चर्चचा कारभार पाहणाऱ्या आमच्या पंच कमिटीत आज एकही बाई नाही. 2013 साली 'चर्च ऑफ साउथ इंडिया'नं पुष्पा ललिता यांना बिशप केलं, तेव्हा आमच्याकडे त्यावर साधी चर्चाही झाली नाही.

दुसरं कारण देतात ते पुरुषांच्या नजरेचं. पोरींनी नीट कपडे घातले नाहीत तर तरुणांचं लक्ष विचलित होतं म्हणे. मत्तयाच्या 5व्या अध्यायात प्रभू येशू नेमकं यावरच बोलतो. तुझा डोळा तुला पापाला प्रवृत्त करत असेल तर तो उपटून टाक, असं तो बघणाऱ्याला सांगतो. जिच्याकडे बघितलं तिला तो एक शब्दही बोलत नाही.

"मग काहीही घालून यायचं का?" असं विचारलं जाईल. मलाही वाटतं की देवाच्या घरी येताना माणसानं थोडं जपून यावं. पण ते घरात शिकवायचं, मुलाला आणि मुलीला सारखंच. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात सभेत आलेल्या दोन माणसांची गोष्ट आहे. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी, दुसऱ्याचे कपडे मळके. पहिल्याला चांगली जागा आणि दुसऱ्याला "तू तिथं उभा राहा". कपडे बघून जागा देणाऱ्यांना याकोब दुष्ट विचारांचे न्यायाधीश म्हणतो. दारातल्या त्या टेबलापाशी मला दर रविवारी हाच अध्याय आठवतो.

पंचांच्या पुढच्या बैठकीसाठी मी पत्र दिलंय. ते टेबल काढा, ओढण्या शेवटच्या बाकावर ठेवा, जिला हवी ती घेईल. आणि दारात उभं राहणाऱ्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला फक्त सलाम करावा.

भाचीला काल फोन केला होता. म्हणाली, "आत्या, पुढच्या वेळी बघू." मी तिला आग्रह केला नाही. दुसऱ्या रांगेत माझ्या शेजारी तिची जागा आहे एवढंच सांगितलं.