तुटलेला स्पार्क प्लग: ग्रुपवर फिरणारा ‘सोपा उपाय’ इंजिन कसं घालवतो

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा पुढे ढकलला जातो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: प्लग काढताना तुटला तर इंजिन कडक तापवा, भोकात अर्धा कप पेट्रोल ओता, इझी-आउट (तुटलेला तुकडा आतून पकडून काढायचं हत्यार) हातोडीने ठोकून फिरवा. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे आत पडले तर ते जळून सायलेन्सरमधून निघून जातात. नवीन प्लगला ग्रीस लावून दाबून आवळा. गॅरेज लांब असेल तर उरलेल्या सिलिंडरवर हळूहळू गाडी घरी न्या.

प्लग नेमका कुठे तुटलाय, हे या मेसेजमध्ये कुठेच विचारलेलं नाही. सगळं तर त्यावरच ठरतं. वरची पांढरी चिनी माती मोडली आणि पाना बसतो तो षटकोनी भाग शाबूत असेल, तर काहीच बिघडलेलं नाही. भोक हवेने साफ करा, खोल सॉकेट लावा, प्लग निघेल. षटकोनी भागच आट्यांच्या वर तुटून हातात आला आणि आट्यांचं लोखंडी कवच हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) राहिलं, तर मात्र पुढचं सगळं सावकाश करायचं.

‘इंजिन कडक तापवा.’ यात अर्धं खरं आहे. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. पण 14 मिमीच्या भोकात तापमान 80 अंशांनी वाढलं तरी फरक पडतो एक शतांश मिलिमीटरच्या आसपास. त्या बदल्यात तापलेलं अ‍ॅल्युमिनियम मऊ होतं आणि प्लगबरोबर हेडचे आटेही ओरबाडून येतात. म्हणूनच प्लग थंड इंजिनावर काढायचा असतो. आत तेल झिरपावं म्हणून हेड कोमट ठेवायचं असेल तर हात निवांत टेकवता येईल इतपतच.

‘अर्धा कप पेट्रोल.’ हा सल्ला सरळ धोक्याचा आहे. 796 सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे 265 सीसी येतात आणि पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी जागा साधारण 30 मिली. अर्धा कप म्हणजे त्याच्या तीन-चार पट. द्रव दाबला जात नाही. आत एवढं साचलेलं असताना प्लग बसवून कोणी स्टार्टर मारला तर पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय पेट्रोलने सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतलं जातं, आगीची भीती वेगळीच. गंज सोडवायला पेट्रोल नको, झिरपणारं तेल हवं. आट्यांच्या कडेने चार-पाच थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी परत तेवढेच.

या मेसेजसोबत येणारा परदेशी व्हिडिओ बहुतेक वेळा फोर्डच्या 5.4 लिटर, दर सिलिंडरला तीन व्हॉल्व्हच्या ट्रायटन इंजिनाचा असतो. त्या इंजिनाचा जुना प्लग दोन तुकड्यांचा होता आणि त्याची खालची लांब नळी कार्बनमुळे हेडमध्ये चिकटून राहायची. म्हणून तिथे कार्बन क्लीनर आणि खास पुलर लागतो. आपल्या अल्टो, वॅगनआर, ओम्नीत प्लग धरला जातो तो आट्यांत, गंजामुळे किंवा जास्त आवळल्यामुळे. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात प्लगच्या खोलगट भोकात पाणी उतरून राहिलं की हे हमखास होतं. रोग वेगळा, तेव्हा औषधही वेगळं.

‘इझी-आउट ठोका.’ सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. कवच पोकळ असतं. चिनी मातीचा खांदा कवचाच्या आतल्या पायरीवर बसलेला असतो, त्यामुळे अखंड चिनी माती वरच्या बाजूनेच निघते. ती लांब चोचीच्या पकडीने हलवत वर काढली की आत तयार भोक मिळतं, ड्रिल लावायची गरजच पडत नाही. हातोडी मारली तर मात्र चिनी मातीचं टोक तुटून थेट सिलिंडरमध्ये पडतं. तेव्हा आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बाकीचे प्लग काढले की क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाच्या) बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरतं. तुटलेल्या कवचातून हवा फुसफुसत बाहेर येऊ लागली म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत. पिस्टन पूर्ण वर येण्याच्या जरा आधी थांबा. आता चौकोनी, निमुळता एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे इझी-आउटचाच चौकोनी प्रकार, घ्या. पेचदार घेऊ नका, तो जितका फिरतो तितकं कवच फुगवून हेडमध्ये अधिकच घट्ट करतो. टोकाला ग्रीस लावा, कण त्याला चिकटतात. हलक्या टिचक्यांनी बसवा आणि टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) दोन हातांच्या पान्याने फिरवा, म्हणजे जोर दोन्ही बाजूंनी सारखा लागतो. पाव फेरा सोडायचा, थोडा परत आवळायचा, तेलाचा थेंब, पुन्हा सोडायचा. किरकिर आवाज आला की थांबा. पाइप घालून जोर लावला आणि एक्स्ट्रॅक्टर आत मोडला तर तो इतका कडक असतो की साध्या ड्रिलला दाद देत नाही. मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

‘तुकडे जळून जातात.’ हे साफ खोटं आहे. प्लगचं पांढरं टोक वर्षानुवर्षं त्याच ज्वाळेत उभं असतं. ते जळणारं असतं तर प्लग पहिल्या दिवशीच संपला असता. ही चिनी माती म्हणजे बहुतांशी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, वितळण्याचं तापमान 2000 अंशांच्या वर. ग्राइंडिंग व्हीलमध्ये हेच असतं. असा कण भिंतीवर चरे पाडतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली अडकला तर व्हॉल्व्ह बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि व्हॉल्व्हची कडा जळते. म्हणून निघालेले सगळे तुकडे पांढऱ्या कागदावर त्याच इंजिनाच्या दुसऱ्या प्लगशेजारी जुळवून पाहा. टोकाचा एखादा तुकडा कमी भरला तर बारीक कॅमेरा भोकातून उतरवा, व्हॅक्यूमला पातळ नळी जोडून तुकडा ओढून घ्या, पुन्हा कॅमेऱ्याने खात्री करा. तोवर स्टार्टरला हात लावायचा नाही.

‘उरलेल्या सिलिंडरवर घरी न्या.’ नका नेऊ. इंजेक्टर चालूच असेल तर न जळलेलं पेट्रोल उघड्या भोकातून तापलेल्या इंजिनावर येतं किंवा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं. चोर्ल्याच्या घाटात अडकलात तरी गाडी टो करूनच आणा.

हेडचे आटे गेले तर हेड बदलायलाच हवं असंही नाही. योग्य मापाचा हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) किंवा बुश बसतो. हेड उतरवून द्यायचं असेल तर बेळगावात उद्यमबागेतल्या चांगल्या लेथवाल्याकडे द्या. भोक सरळ रेषेत पाडणं महत्त्वाचं, वाकडं गेलं तर प्लगची बैठक बसत नाही आणि गॅस गळतो. आटे फक्त मळलेले असतील तर कापणारा टॅप न वापरता आटे साफ करणारा चेझर ग्रीस लावून फिरवा.

राहिला ग्रीस लावून दाबून आवळण्याचा सल्ला. पुढचा प्लग तुटतो तो यामुळेच. कंपनीने दिलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, कोरड्या आट्यांसाठी असतो. ग्रीसने घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच जोरात कवच जास्त ताणलं जातं. बहुतेक नवीन प्लगवर गंजरोधक मुलामा असतो, वेगळं काही लावायला नको. अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये वॉशरवाल्या 14 मिमी प्लगला 25 ते 30 न्यूटन-मीटर, 12 मिमीला 15 ते 20. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. टॉर्क पाना नसेल तर प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. वॉशर आधी दबलेला, जुनाच प्लग परत बसवत असाल तर फक्त एक बारांश फेरा, म्हणजे घड्याळात एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जावं तेवढाच.