गोल कुठे रंगवू?

मीटिंगमध्ये मी एवढंच म्हणालो, "पण एकदा मुलांना विचारायला हवं ना?" बोलेल तो करेल या न्यायाने जनरल एज्युकेशनच्या विषयांवर विद्यार्थ्यांची मतं गोळा करायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. होऊ घातलेल्या इंजिनीअरला तत्त्वज्ञान आणि इतिहासवाल्याला संख्याशास्त्र घ्यावं लागतं, ते हे विषय. मुलं त्यांना 'क्रेडिटपुरते' म्हणतात.

रात्र जागून ४० प्रश्नांचा फॉर्म केला. प्रत्येकापुढे 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत पाच गोल. ही पद्धत रेन्सिस लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडली. जग त्याला सर्रास 'लायकर्ट' म्हणतं. तो स्वतः 'लिकर्ट' म्हणायचा. मतं मोजायला शिकवणाऱ्या माणसाचं स्वतःच्या नावाबद्दलचं मत कोणी मनावर घेतलं नाही, तिथे माझ्या फॉर्मची काय कथा!

लिंक पाठवली. चार दिवसांत तीन उत्तरं आली. त्यातलं एक चाचणी म्हणून मीच भरलेलं. (मत अनुकूल होतं.)

शेवटी कागद छापून वर्गातच वाटले. पहिल्या बाकावरच्या मुलाने 'तटस्थ'च्या रांगेत वर पेन टेकवलं आणि थेट खाली ओढलं. पट्टीशिवाय इतकी सरळ रेघ मला आजतागायत जमलेली नाही. अशांना पकडायला मी १७वा प्रश्न घातला होता : 'हे वाचत असाल तर असहमत निवडा.' पठ्ठ्या तिथेही तटस्थ. तत्त्वज्ञान घेतलेल्या एकाने त्याच प्रश्नासमोर कुठलाच गोल न रंगवता नुसतं 'का?' लिहिलं होतं.

तेवढ्यात मागून एक मुलगी उठली. "सर, २२वा. 'हा विषय उपयुक्त आणि रंजक होता.' उपयुक्त होता, रंजक नव्हता. गोल कुठे रंगवू?"

"मधला रंगव."

"पण सर, एका प्रश्नात दोन प्रश्न घालायचे नसतात. उत्तराचा अर्थच लागत नाही."

"हे कुठे शिकलीस?"

"क्रेडिटपुरत्या संख्याशास्त्रात."

फॉर्मवर नाव नव्हतं, तरी तिचा लगेच ओळखू आला. २२व्या प्रश्नाचे तिने लाल पेनने 'अ' आणि 'ब' पाडले होते. खाली ४०वा : 'या विषयात शिकलेलं मी प्रत्यक्षात वापरते.'

पूर्णपणे असहमत.