विणकाम शिकावंच लागतं

पक्ष्यांच्या वागण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण सुगरण पक्ष्याचं घरटं विणणं ‘शंभर टक्के उपजत’, म्हणजे न शिकता येणारं, हे त्यातलं विधान काही पटलं नाही. आमच्या विहिरीवर बाभळीची फांदी वाकलेली आहे, तिथे दर पावसाळ्यात खोपे लागतात. त्यात काही अगदीच गबाळे, अर्धवट सोडलेले. ते बहुधा तरुण नरांचे. (नाव सुगरण, पण विणतो नर! मादी येऊन पसंत-नापसंत करते. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी हे १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला बारकाईने टिपलं होतं.)

आफ्रिकेतल्या विणकर पक्ष्यांवर कोलिअस या संशोधक दाम्पत्याने १९६०च्या दशकात प्रयोग केले. लहानपणी ज्या नरांना गवत-पात मिळूच दिली नाही, त्यांना पुढे साधी गाठही धड जमेना. म्हणजे विणायची ओढ जन्मजात, पण हात, म्हणजे चोच, सरावानेच बसते.

याउलट कोकिळेचं पिल्लू. वाढतं कावळ्याच्या घरट्यात, सतत काव काव ऐकत, तरी मोठेपणी नर ‘कुहू’च करतो. तिथे शिकवणी नाही. त्यामुळे ‘पक्षी’ म्हणून सगळ्यांना एकाच मापात घालू नका.

आणि माणसाचं उदाहरण द्यायचंच तर भाषेचं द्या. बोलायची तयारी घेऊन मूल जन्मतं, पण मराठी बोलायचं की कन्नड, ते घर ठरवतं.